नदीचं कुलूप

मराठीत लॉकला शब्द नाही, आणि त्या एका उणिवेपायी आमच्या घरात जे रामायण झालं ते मला सांगायचं आहे. दाराला लावतात ते लॉक नव्हे, नदीत असतं ते. सरकारी परिभाषेत ‘जलपाश’ की असाच काहीतरी शब्द असावा, पण पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढूनही तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आपल्या नद्यांमधून मालाची जहाजं वरखाली करत नाहीत. वस्तूच नाही तर शब्द येणार कुठून?

२००३च्या उन्हाळ्यात मी नवऱ्याच्या पाठोपाठ अमेरिकेला गेले. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी एक मध्यम गाव होतं, तिथल्या शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तो कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करत होता. मी नगर जिल्ह्यातल्या एका कालव्यावर कनिष्ठ अभियंता होते. लग्न जरा उशिरा झालेलं, त्यामुळे नोकरी अंगवळणी पडलेली. एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन गेले. वर्ष संपलं की परत रुजू तरी व्हायचं, नाहीतर राजीनामा तरी द्यायचा. मी राजीनामाच देणार हे नवऱ्याने, सासरच्यांनी आणि माझ्या आईनेही धरून ठेवलं होतं. ठरलं नव्हतं ते फक्त माझं.

माझ्या व्हिसावर मी डिपेंडंट होते, म्हणजे अवलंबून असलेली. काम करायला बंदी. ज्या बाईने गेट वर उचललं की खालची दहा गावं हलायची, तिच्या पासपोर्टात हा शिक्का पाहून मला आधी हसू आलं. नंतर येईनासं झालं.

सकाळी नवरा गेला की घरात फक्त फ्रीजचा आवाज. वॉल टू वॉल गालिचा, त्यामुळे माझी पावलंसुद्धा मला ऐकू यायची नाहीत. गावात मराठी म्हणजे एक डॉक्टर जोडपं. फार वर्षांपूर्वी आलेलं, मुलं मोठी होऊन पांगलेली. काकू मायाळू होत्या. सणाला बोलवायच्या, निघताना डबा भरून द्यायच्या. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या, “पहिली दोन वर्षं जड जातात गं. मग सवय होते.”

“कशाची?”

काकूंनी हातातली वाटी पुन्हा एकदा पुसली. “शांततेची,” म्हणाल्या.

त्या सवयीची मला जी धास्ती बसली ती काही गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी घराबाहेर पडायला लागले. गाडी येत नव्हती, पण पाय होते. अर्ध्या तासावर नदी होती.

मिसिसिपी पाहून कुणी भारावून जात असेल, मी चिडले. एवढं पाणी, आणि एक पाट नाही! आडवं धरण तर होतं, दारं होती, पण कालवा म्हणून निघालेला नव्हता. मी दोन्ही काठ नजरेने धुंडाळले. आमच्याकडे धरण म्हणजे पाणी साठवायचं आणि आवर्तनाला सोडायचं. हे धरण कशासाठी? तर बोटीचा तळ नदीला टेकू नये म्हणून. शेतं पावसावर. पाऊसही शहाण्यासारखा पडतो, ती गोष्ट वेगळी.

धरणाच्या एका कडेला, काठाला लागून, सिमेंटचा एक लांबलचक हौद होता. दोन्ही टोकांना लोखंडी दारं. तेच लॉक. शेजारी तारेच्या कुंपणाआड बघ्यांसाठी एक चबुतरा आणि दोन बाकं. बोट हौदात शिरायची, मागचं दार लागायचं. मग पाणी हळूहळू उतरायचं किंवा चढायचं, आणि त्याबरोबर बोटही. पाणी पुढच्या नदीच्या पातळीला आलं की पुढचं दार उघडायचं. पंप नाही, काही नाही. पाणी आपल्या वजनाने येतं आणि आपल्या वजनाने जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उभीच राहिले. गेटवर आयुष्य काढलेल्या माणसाला चांगलं गेट कळतं.

आणि आवाज नाही हो! आमच्याकडे गेट उघडायचं म्हणजे शेपटाकडची, कालव्याच्या शेवटच्या गावांतली, माणसं आधी येऊन बसलेली. वरच्यांनी पाणी चोरलं, पाटकरी मिंधा आहे, बाईंना काही कळत नाही, असा कल्ला. इथे एवढी मोठी दारं उघडायची आणि कुणी कुणाला शिवीसुद्धा द्यायचं नाही. लॉकवरचा माणूस हात हलवायचा, बोटीवरचा हलवायचा, संपलं. पाण्याच्या ठिकाणी भांडण नाही हे मला अशुभच वाटायचं.

चबुतऱ्यावर एक म्हातारी बाई घडीची खुर्ची घेऊन यायची. तिचा नवरा पूर्वी या बोटींवर खलाशी होता, आता नव्हता. बोट दिसली की ती नुसती मान हलवायची, ओळखीचं कुणी गेल्यासारखी. मला पाहून “आज उशीर झाला तुला” म्हणाली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की वाटेत मी ते वाक्य स्वतःशी दोनदा म्हटलं. त्या सबंध गावात माझा उशीर कुणाच्या लक्षात येत होता!

लॉकचा इतिहास मी थोडा तिच्याकडून आणि बाकीचा गावच्या लायब्ररीतून मिळवला. करायचं काय होतं दुसरं? धरणं नव्हती तेव्हा उन्हाळ्यात ही नदी जागोजागी इतकी उथळ व्हायची की माणसं चालत पलीकडे जायची आणि आगबोटी वाळूत रुतून बसायच्या. सरकारने आधी पात्रातले ओंडके आणि खडक काढले. मग झाडांच्या फांद्यांच्या चटया विणून, त्यावर दगड रचून, काठापासून आत बांध घातले. हेतू हा, की पाणी मधल्या चिंचोळ्या वाटेत गोळा व्हावं आणि त्याने स्वतःच तळ खरवडून काढावा. हे वाचलं तेव्हा मला माझा पहिला साहेब आठवला. तो म्हणायचा, पाण्याशी जबरदस्ती करू नये, त्याला वाट दाखवून बाजूला व्हावं. पण तेवढ्याने भागलं नाही. गेल्या शतकाच्या तिशीत, मंदीच्या काळात, हाताला काम नसलेल्या माणसांना लावून सरकारने एकामागून एक धरणं बांधली आणि प्रत्येकाला एक लॉक जोडलं. अख्ख्या नदीला पायऱ्या पाडल्या म्हणा ना.

आता चूक कुठे झाली, तर लांबीत. त्या काळच्या बोटींच्या मानाने हौद भरपूर लांब होते. पुढे इंजिनं दांडगी झाली. एकेक बोट तीन-तीन बार्जच्या, म्हणजे मालाच्या सपाट तराफ्यांच्या, रांगा तारांनी एकत्र बांधून पुढ्यात घेऊन यायला लागली. मका, सोयाबीन, कोळसा. या बोटीला टोबोट म्हणतात, म्हणजे ओढणारी, आणि ती ढकलते मात्र मागून. तर हा सगळा तांडा लॉकच्या दुप्पट लांब. मग काय करतात? तांडा मधोमध तोडतात. तारा सोडवायच्या, पुढचा भाग हौदात सोडायचा, बोटीने मागचा भाग घेऊन बाहेर थांबायचं. पुढचा भाग पाण्याबरोबर खाली उतरला की त्याला दोराने ओढून पलीकडच्या भिंतीला बांधून ठेवायचं. त्याला इंजिन नसतं. मग हौद पुन्हा भरायचा, मागचा भाग बोटीसकट आत घ्यायचा, उतरवायचा, आणि बाहेर आला की दोन्ही भाग पुन्हा जोडायचे. म्हातारी याला नुसतं ‘डबल’ म्हणायची. डबल असला की दुपार त्यातच जायची, म्हणून मला डबल आवडायचा.

घरी आईला मात्र मी यातलं काही सांगत नव्हते. एकदा “नदीवर गेले होते” म्हणाले होते तर तिने लगेच विचारलं, “एकटी? कशाला?” एकट्या बाईने नदीवर कशाला जायचं याची आईच्या डोक्यात एक-दोनच उत्तरं होती. मी विषय बदलला होता.

डिसेंबरात नदी गोठली. बोटी थांबल्या. म्हातारी थंडीपुरती मुलीकडे फ्लोरिडाला गेली. मी तरी जात राहिले. कुंपणापलीकडे हौद बर्फाने भरलेला आणि धरणाखालच्या जेवढ्या पाण्याला खळखळ होती तेवढं उघडं. त्यावर गरुड यायचे मासे धरायला, पांढऱ्या डोक्यांचे. गरुड पाहायला लोक गाड्या घेऊन येत, काचेआडून पाहत, जात. मी आले-गेलेलं कुणाला कळत नव्हतं. एका दुपारी मी गरुडाशी मराठीत बोलले आणि मग घाबरून झपाझप घरी आले. त्या हिवाळ्यात मला इतकं एकटं वाटलं की नवरा संध्याकाळी बूट काढताना “काय विशेष?” विचारायचा तेव्हा मला त्याचा राग यायचा. काही विशेष नाही हे त्याला सकाळीच माहीत असायचं.

तो वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते. दमलेला असायचा, कंत्राट वाढेल की नाही या घोरात असायचा. रजेचा विषय काढला की म्हणायचा, “यार, तुझं ते लीव्हचं बघू नंतर. तोपर्यंत तुला इथलं आवडायला लागेल.” आवडायला लागणं हे जणू पोस्टाने येणार होतं.

मार्चमध्ये बर्फ फुटला आणि वसंतातली पहिली बोट आली. म्हातारीही परतली. मी इतकी खूश होते की त्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना तोल सुटला. कॉलिंग कार्डावरून बोलत होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

आईने विचारलं, “दिवसभर करतेस तरी काय गं?”

मी म्हणाले, “सकाळी हा ऑफिसला गेला की लॉक. संध्याकाळपर्यंत तिथंच.”

आणि कार्ड संपलं.

नवरा ऑफिसला गेला की लॉक. संध्याकाळपर्यंत. हे वाक्य नगर जिल्ह्यातल्या एका आईने ऐकलं, त्यापुढे फोन तुटला. तिने काय समजायचं? तिने मामाला बोलावलं. मामा पोलिसातून फौजदार म्हणून निवृत्त झालेला. निवृत्त फौजदाराला केस मिळणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा! त्याने माझ्या सासरी नंबर मागून थेट नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावला.

मला यातलं काही माहीत नाही. मी लॉकवरून येऊन कणीक मळत होते. नवरा उजेडी घरी आला, तो तसा कधी येत नसे. बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“मी तुला कोंडून ठेवतो?” त्याने विचारलं.

मला वाटलं त्याचं डोकं फिरलं. मग हळूहळू उलगडा झाला. मामाने दरडावून विचारलं होतं, “घराची किल्ली कुणाकडे असते?” एकदा विचारलं, दोनदा विचारलं. नवरा मीटिंगमधून उठून आलेला, गोंधळलेला.

“मी म्हटलं, दोघांकडे असते,” नवरा मला सांगत होता. “तिच्याकडे सेपरेट आहे, मी स्वतः करून दिली. हे म्हटलं. मग म्हटलं, पण ती जाणार कुठे?”

एवढं बोलून तो थांबला. मामाला सांगताना त्याला ते ऐकू आलं नसावं, माझ्यासमोर आलं. मी कणकेचे हात तसेच धरून उभी. तो खुर्चीवर बसला आणि बूट काढायला लागला, आणि एकच नाडी बराच वेळ सोडत राहिला.

“तू खरंच जातेस कुठे?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. आल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, आधी आईला फोन लाव.

घरच्या फोनवरून लावला, कार्डबिर्ड नाही. तिकडे पहाट असावी, पण आईने पहिल्याच रिंगला उचलला. मी समजावलं. लॉक म्हणजे कुलूप नव्हे, नदीतला हौद असतो, त्याला दारं असतात, बोटी येतात. ‘जलपाश’ शब्द ओठांवर आला होता तो गिळला. आई कुलपावरून पाशावर गेली असती.

“म्हणजे तुला कोंडलेलं नाही?” आईने विचारलं.

“नाही गं.”

“किल्ली आहे तुझ्याजवळ?”

“आहे.”

“दार उघडून बाहेर जाता येतं?”

“रोज जाते, आई.”

आई म्हणाली, “मग रडतेस कशाला?”

सर्दी झाली आहे असं मी सांगणार होते. सांगता आलं नाही. नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला, “आई, मी बघतो,” म्हणाला, आणि ठेवला.

शनिवारी तो माझ्याबरोबर लॉकवर आला. म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, “अच्छा, म्हणजे हा आहे.” जसं काही इतके महिने तिला शंकाच होती. त्या दिवशी डबल होता. नवरा आधी घड्याळ बघत होता, मग बघायचा थांबला. खलाशांनी तारा सोडवल्या. तांड्याचे दोन भाग झाले आणि मध्ये पाणी दिसायला लागलं. पुढचा भाग हौदात उतरला, ओढून बाहेर काढला गेला, भिंतीला बांधला गेला.

“याला इंजिन नाही?” नवऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग हा असाच थांबणार?”

“मागचा येईपर्यंत.”

“आणि एकदम का नाही नेत?”

“मावत नाही म्हणून.”

त्याने मान हलवली. हौद पुन्हा भरत होता. भरायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. वारा गार होता आणि त्याने आपलं जॅकेट काढून माझ्या मांडीवर टाकलं. मग नदीकडेच बघत विचारलं, “रुजू कधी व्हायचंय तुला?”

इतके दिवस ते ‘तुझं ते लीव्हचं’ होतं. रुजू हा शब्द त्याने त्यापूर्वी कधी उच्चारला नव्हता. तो माझा शब्द होता, माझ्या ऑफिसचा. मला समजलं की मी जाणार.

“जूनमध्ये,” मी म्हणाले.

“तू हो पुढे. हा प्रोजेक्ट संपला की मी येतो मागून.”

“मागच्या भागाला इंजिन असतं,” मी म्हटलं. “तुझ्याकडे आहे का?”

तो हसला. मीही. घरी येताना गाडीत त्याने माझा हात धरला आणि सिग्नल हिरवा झाला तरी सोडला नाही.

जूनमध्ये मी रुजू झाले. निरोप घेताना काकूंनी डबा दिला आणि म्हणाल्या, “बरं केलंस.” त्या जे बोलल्या नाहीत तेही मला ऐकू आलं. पहिल्याच आवर्तनाला शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी माझ्या जीपला घेराव घातला. बाई अमेरिकेला जाऊन आल्या आणि पाणी तिकडेच सोडून आल्या, असं एक आजोबा गरजले. मी इतकी सुखावले की रागवायचं विसरूनच गेले. गेट उघडलं तेव्हा कल्ला झाला, शिव्या झाल्या, सगळं यथासांग.

संध्याकाळी क्वार्टरवर परतलं की मात्र शांतता असायची. इथे गालिचा नव्हता, फरशी होती. माझी पावलं मला ऐकू यायची आणि दुसऱ्या कुणाची नाहीत एवढं कळायचं. प्रोजेक्ट लांबला. कंत्राट वाढलं. नवरा फोन करायचा आणि हळूहळू त्याच्या बोलण्यात लॉक यायला लागलं. आज जेवणाच्या सुट्टीत गेलो होतो. आज सोयाबीनच्या बार्ज होत्या. आज डबल होता, ऑफिसला परत जायला उशीर झाला. म्हातारी तुझी चौकशी करत होती. ज्याला वर्षभर “काय विशेष?” एवढंच येत होतं तो माणूस मला नदीची पातळी सांगत होता. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

डिसेंबरात त्याचा फोन आला तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली होती. तो म्हणाला, “नदी गोठली. कालची शेवटची बोट. म्हातारी फ्लोरिडाला गेली.” मग म्हणाला, “मी आजही जाऊन आलो. गरुड आलेत.”

“बोललास का त्यांच्याशी?” मी विचारलं.

तो हसेल असं मला वाटलं होतं. “हो,” तो म्हणाला.

फोन ठेवला. आई मटार सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, “काय म्हणतात जावई? दिवसभर काय करतात?”

“ऑफिसात असतात. मधल्या सुट्टीत लॉकवर जातात,” मी म्हणाले. “रोज.”

आईचे हात थांबले. आता लॉक म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला तिने समजावून सांगितलं होतं.

“अगो बाई,” ती म्हणाली. “आता त्यांना कुणी कोंडलं?”